हाडाचं कलम

श्रोतेहो, नमस्कार.

नडगीवरून बोट फिरवून पाहा. कातडीखाली लगेच हाड लागतं, मध्ये मांस जवळजवळ नाहीच. म्हणूनच मोटारसायकलच्या अपघातात हे हाड कातडी फाडून बाहेर येतं, त्याला रस्त्याची माती लागते. मग जखम महिनोन् महिने वाहत राहते आणि घरातलं कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं, "डॉक्टर, पाय काढावा लागेल का?"

पुष्कळदा लागत नाही.

आधी आतलं मेलेलं हाड सगळं काढावं लागतं. त्यात रक्त पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही, आणि जंतू तिथेच दडी मारतात. काढल्यावर पाच-सहा सेंटिमीटरची पोकळी उरते. ती लगेच हाडाच्या चुऱ्याने भरली, तर शरीर बराचसा चुरा जिरवून टाकतं. फ्रान्सचे सर्जन मास्कले यांनी १९८०च्या दशकात यावर वाट काढली. पोकळीत आधी सिमेंट (बांधकामाचं नव्हे, हाडांच्या शस्त्रक्रियेत वापरतात ते) भरायचं, बहुतेकदा अँटिबायोटिक मिसळलेलं, आणि थांबायचं. सहा ते आठ आठवड्यांत शरीर त्या परक्या गोळ्याभोवती पडदा विणतं. या पडद्यात रक्तवाहिन्या असतात, हाड वाढवणारी द्रव्यं असतात. मग तो अलगद उघडून सिमेंट काढायचं, आणि तयार झालेल्या पिशवीत रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा चुरा भरायचा. इतक्या वर्षांनीही तो पडदा पाहताना मला नवल वाटतं.

आपण याला कलम म्हणतो खरं, पण आंब्याच्या कलमात लावलेली काडीच वाढते. इथे भरलेला चुरा हळूहळू झिजतो आणि त्याच्या जागी नवं हाड येतं. त्याला कित्येक महिने लागतात. कमावता माणूस घरी बसलेला असताना हे महिने फार जड जातात, मी जाणतो. तरी त्या काळात विडी, तंबाखू, मिश्री पूर्ण बंद ठेवा. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, आणि नव्या हाडाची सगळी भिस्त रक्तावर असते. साखरही ताब्यात हवी.

पायाचा रक्तपुरवठा आणि संवेदना दोन्ही गेल्या असतील, तर मात्र पाय काढून चांगला कृत्रिम पाय बसवणं बरं. तसं स्पष्ट सांगणाऱ्या डॉक्टरवर रागावू नका.

आणखी एक. कमरेला जिथून हाड घेतात, तिथे सुरुवातीला पायापेक्षाही जास्त दुखू शकतं. हे आधीच माहीत असलेलं बरं.