अडीच डोक्यांचा बैल

(उदगीरमध्ये चित्रकला शिकणाऱ्या मुलांपुढं आणि त्यांच्या पालकांपुढं, समोर बघून चित्र काढताना पेन्सिलीनं माप कसं घ्यायचं यावर दिलेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून.)

मंडळी, आणि सतरंजीवर बसलेल्या लेकरांनो, आधी फळ्यावर लावलेलं हे चित्र बघा. माझंच आहे, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या तयारीतलं वस्तुचित्र. बादली, तांब्या, दोन कांदे. बादलीचं तोंड चंद्रासारखं गोल आणि बूड पट्टीनं ओढल्यासारखं सरळ. तोंड इतकं गोल दिसायचं तर बादलीवर ओणवं व्हावं लागतं. बूड इतकं सरळ दिसायचं तर डोळा फरशीला टेकवावा लागतो. मी दोन्ही एकाच जागी बसून बघितलं होतं म्हणे! बादली कशी असते हे मला पक्कं ठाऊक होतं, तेच काढलं. समोर बघायची गरजच वाटली नाही.

हे ठाऊक असणंच नडतं. पेन्सिलीनं माप घ्यायचं ते त्याला खोटं पाडायला.

आपला हा देवणी जातीच्या गाईबैलांचा मुलूख. पोळ्याला प्रत्येक लेकरू बैल काढतं आणि प्रत्येकाचा बैल आडवा. तोंड एकीकडं, शेपूट दुसरीकडं, चारही पाय दिसतात. मागच्या साली मी एक शेवरा, म्हणजे पांढऱ्यावर काळे डाग असलेला देवणी बैल काढायला बसलो. तो माझ्याकडं तोंड करून, जरासा तिरका उभा होता. हात पुरता ताणला, एक डोळा मिटला. पेन्सिलीचं टोक शिंगाच्या बुडाशी, अंगठ्याचं नख नाकपुडीशी. हे झालं एक डोकं. अंगठा न हलवता मोजलं, तर वशिंडापासून खुरापर्यंत अडीच डोकी भरली. मग पेन्सिल आडवी केली. खांद्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत किती भरली असतील? (समोरून “तीन!”, “साडेतीन!”) एकसुद्धा पुरतं भरलं नाही. एवढं थोराड जनावर, आणि त्याची कूस त्याच्याच तोंडापेक्षा कमी. मी तीनदा मोजलं, कारण माझाही विश्वास बसेना.

कोपर वाकवायचं नाही, हे मी हजारदा सांगतो. डोकं मोजताना हात ताठ आणि पाय मोजताना ढिला पडला, की पेन्सिल डोळ्याजवळ येते. मग तेवढ्याच पायाला पेन्सिल कमी लागते आणि कागदावर बैल बुटका होतो. आणि पेन्सिलीवरचं माप जसंच्या तसं कागदावर ठेवायचं नसतं. कागदावर डोकं हवं तेवढं काढा. उंची त्याच्या अडीचपट आली म्हणजे झालं.

वेरूळच्या मूर्ती तुम्ही बघितल्या असतील. मूर्तिशास्त्रात ताल, म्हणजे एका चेहऱ्याची लांबी, हे माप आहे, नवताल मूर्ती म्हणजे नऊ ताल उंच. ते आधीच ठरलेलं, देवाचं माप. आपल्याला पाहिजे ते आत्ता, इथून दिसणारं.

आता कोन. तुमच्या आणि बैलाच्या मध्ये खिडकीची काच आहे असं धरा. पेन्सिल त्या काचेला चिकटवूनच फिरवायची. पाठ लांब लांब जाताना दिसली की पेन्सिलीचं टोकही बैलाकडं खुपसलं जातं. पोरांचं सोडा, माझंही जातं. मग कोन गेलाच. काचेवर पेन्सिल पाठीच्या रेघेशी जुळवा आणि घड्याळ आठवा: तासकाटा दोनवर आहे, की तीनकडं कललाय? तेवढं लक्षात ठेवून कागदावर उतरवा.

उभ्या रेघेसाठी गवंड्याचा ओळंबा घ्या. दोऱ्याला एक नट बांधला तरी चालतो. त्या दिवशी बैलाच्या डोळ्यावरून सोडलेला दोरा पुढच्या खुराला घासून गेला, आणि मी खूर चार बोटं बाहेर काढून बसलो होतो! शेवरा बैल यासाठी बरा. अंगावरचे वेडेवाकडे काळे डाग म्हणजे आयत्या खुणा. पायांमधली मोकळी जागाही तशीच. तिला नाव नसतं, त्यामुळं ती जशी आहे तशीच दिसते.

कुठं बसायचं, तेही बघा. दौलताबादचा चाँदमिनार, १४४५ सालचा, उंची सुमारे ६३ मीटर. पायथ्याशी उभं राहून मोजायला गेलात तर मान वर जाते, मानेबरोबर काच कलते आणि वरचे मजले आकसतात. उंचीच्या अडीचपट तरी मागं सरा, म्हणजे दीडेकशे मीटर.

(एका मुलीनं विचारलं, “सर, बैल हलला तर?”)

हलणारच. माश्या बसतात, शेपूट फिरते, हा पाय सोडून तो पाय टेकतो. खोडरबर घेऊ नकोस. त्याच कागदावर बाजूला दुसरा बैल सुरू कर. माझ्या त्या कागदावर चार अर्धे बैल आहेत. पहिल्या पायावर तो तीनदा परत आला, म्हणून पहिला पुरा झाला.