पुस्तकात असं नव्हतं

नमस्कार श्रोतेहो. आवडत्या कादंबरीवरचा चित्रपट पाहून बाहेर पडलं की तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘पुस्तकात असं नव्हतं!’ मीही ते कितीदा म्हटलंय. असं नव्हतं हे खरंच. पण मग नेमकं काय हरवलं?

आर. के. नारायण यांच्या ‘द गाइड’चं, म्हणजे १९५८च्या कादंबरीचं, शेवटचं पान आठवा. लोकांनी साधू मानलेला, पावसासाठी धरलेल्या उपासाने खंगलेला राजू नदीच्या पात्रात उभा आहे. माणसांनी त्याला दोन्हीकडून धरलंय. तो आपल्या भक्ताला, वेलनला, सांगतो, डोंगरात पाऊस पडतोय, तो माझ्या पायांतून वर चढतोय. आणि तो खाली ढासळतो. बस्स, कादंबरी संपली. पाऊस आला का? राजू गेला का? नारायण एक अक्षर बोलत नाहीत.

१९६५च्या हिंदी ‘गाइड’मध्ये मात्र पाऊस धो धो कोसळतो आणि राजू प्राण सोडतो. त्या चित्रपटाची गाणी मला तोंडपाठ आहेत, विजय आनंद यांच्या दिग्दर्शनावर माझं प्रेम आहे, तरी हा पाऊस मला आजही खुपतो. कथा नारायण यांचं काल्पनिक मालगुडी गाव सोडून राजस्थानात गेली, त्याचं मला फारसं वाटत नाही. पण लोकांनी साधू ठरवलेला हा माणूस शेवटी खरंच साधू झाला का, हे वाचकाने ठरवायचं होतं. पडद्यावर ते आभाळानेच ठरवून टाकलं. नारायण यांनाही चित्रपट रुचला नव्हता. त्यांनी तसा लेखच लिहिला.

मग पानन्‌पान जसंच्या तसं घ्यावं? दिग्दर्शक एरिक फॉन स्ट्रोहाइम यांनी फ्रँक नॉरिसच्या ‘मॅकटीग’ या कादंबरीवर चित्रपट करताना तोच हट्ट धरला. चित्रपट इतका लांबला, की १९२४मध्ये तो ‘ग्रीड’ नावाने आला तेव्हा त्याचा बहुतेक भाग कापलेला होता.

आता ‘पथेर पांचाली’. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीत अपू आणि त्याची मोठी बहीण दुर्गा आगगाडी पाहायला धावत सुटतात, वाट चुकतात आणि गाडी न पाहताच परततात. पुढे तापाने फणफणलेली दुर्गा भावाला विचारते, बरी झाले की मला एकदा आगगाडी दाखवशील? ती बरी होत नाही.

सत्यजित राय यांनी १९५५च्या चित्रपटात हे सरळ बदललं. तिथे भावंडं काश गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांमधून धावतात. अपू तारांच्या खांबाला कान लावून आतली घरघर ऐकतो. मग काळा धूर सोडत गाडी खरोखर येते. कादंबरीशी ताडून पाहिलं तर ही उघड चूक. पण त्या धावण्यात दुर्गाचं सगळं बालपण आहे, आणि ती गेल्यावर तोच धूर पुन्हा आठवतो तेव्हा पोटात कालवतं.

कादंबरीतला अपू पुढे गाव सोडताना आगगाडीत बसतो. शेजारी दिदी नसते. चित्रपट तिथवर जात नाही, तो कुटुंबाच्या बैलगाडीपाशी थांबतो. तरी दर वेळी ती बैलगाडी पाहताना मला आगगाडीतला अपू दिसतो.