पागाची कड

चूल अंगणात मांडली आहे, घरापासून लांब. तीन चिरे आणि मधे करवंट्या. करवंटीचा जाळ झटकन चढतो, म्हणून या कामाला आजोंना दुसरं सरपण नको असतं. लोखंडी पळीत जुन्या पागाच्या, म्हणजे हाताने फेकायच्या मासेमारीच्या जाळ्याच्या, कडेवरून उतरवलेलं शिसं आहे. दगडावर घासून चपटे झालेले, वाकलेले मणी.

शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं. आजोंकडे मोजायला झावळीचा सुका हीर आहे. तो पळीत बुडवायचा. टोक तपकिरी झालं की ओतायचं. टोक टेकताच काळं पडलं, तर पळी जाळावरून बाजूला घ्यायची.

(निवेदन थांबतं. शिशावर धरणारी साय.)

ही साय म्हणजे मळी. ती कडेला सारली की खाली आरसा लखलखतो, आणि बघता बघता पुन्हा मळकट होतो. त्या तेवढ्या वेळात ओतायचं असतं.

साचा फणसाच्या लाकडाचा, दोन भागांचा. आतून काळाकुट्ट. प्रत्येक ओतीला तो थोडा जळतो. मण्याच्या भोकासाठी मधून सायकलचा स्पोक घातला आहे, दिव्यावर धरून काजळी चढवलेला, म्हणजे मणी सुटून येतो. साचा आधी चुलीपाशी शेकून घेतला आहे, कारण लाकडात ओल राहिली तर तिची एकदम वाफ होते आणि तापलेलं शिसं अंगावर उडतं. नातू हात पुढे करतो. आजो एवढंच म्हणतात, "राव." म्हणजे थांब.

(पत्र्याच्या ताटात मणी पडण्याचा आवाज. थप. थप.)

शिसं वाजत नाही. पितळेसारखी त्याला किणकिण नाही. आजो मणी तळहातावर घेऊन तोलतात, हलका वाटला तर पुन्हा पळीत टाकतात. आम्ही शूटिंग केलं त्या संध्याकाळी कितीतरी मणी असे परत वितळले.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? पाग म्हणजे गोल जाळं. मधून कडेपर्यंत 3 मीटर धरलं, तर घेर जवळपास 19 मीटर भरतो. दर 5 सेंटिमीटरला एक मणी ओवला तर मणी होतात 380. एकेक 10 ग्रॅमचा असला तरी कडेला पावणेचार किलोंहून जास्त शिसं. हे वजन घेरभर सारखं वाटलेलं असेल तरच पाग हवेत ताटासारखा उघडतो. एका बाजूला जड झाला की तिरका पडतो आणि मासा त्या फटीतून निसटतो. पाग टाकणाऱ्याच्या हाताचं सगळे कौतुक करतात आणि ते खरंच आहे. पण तो गोल पडण्याची निम्मी तयारी या चुलीपाशी झालेली असते, आणि ती कुणी बघत नाही.

लोखंड स्वस्त आहे, मग शिसंच का? शिसं पाण्याच्या सव्वाअकरापट जड, लोखंड आठपटीच्या आत. तेवढ्याच वजनाचा शिशाचा मणी लहान होतो, पाणी त्याला कमी अडवतं, कड सरळ तळाला जाते. शेवटो चपळ मासा. कड रेंगाळली तर तो उडी मारून बाहेर.

(पहाट. शिवोलीच्या पुलाजवळ शापोरा नदी. सुकती, म्हणजे ओहोटी.)

गोव्यात पागी हे आडनाव आहे. पाग टाकणारा तो पागी. दोरी मनगटाला, अर्धा पाग कोपरावर, अर्धा उजव्या हातात, आणि कडेचा एक मणी दातांत.

(पाग उघडतो. निवेदन नाही.)

शिसं विषारी आहे. त्याचं सुरक्षित असं प्रमाण नाही आणि मुलांना त्याचा त्रास अधिक होतो, म्हणून तो मणी दातांत न धरलेला बरा आणि नातू चुलीपासून लांबच बरा.

बाजारात तयार पाग मिळतो. तंगूसाचा, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचा, कड लावलेला, घेतला की चालू. पण ती कड एकाच वजनाची असते. आजो नदीच्या ओढीसाठी जड कड ओततात, खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या, थांबलेल्या पाण्यासाठी हलकी. कुठल्या पाण्याला किती, हे त्यांच्या तळहातात आहे. आम्ही कॅमेरा घेऊन आलो ते त्यासाठी.

(पाग ओढून घेतला जातो. शेवटे, दोन काळुंदर, चिखल, एक तुटकी फांदी.)

मासे टोपलीत पडतात. आजो आधी कड हाताखालून सरकवतात, मणी मणी चाचपत. एका जागी बोट थांबतं. तिथे नुसता दोरा आहे. मणी कालवांच्या खडकाला अडकून गेला.

(संध्याकाळ. तीन चिरे. करवंट्या पेटतात.)