बारा व्होल्ट दाखवतंय, मग पंखा का बंद पडला?

नमस्कार मंडळी. मे महिना, नागपूरचं ऊन, आणि भर दुपारी लाईट गेली की सगळं घर इन्व्हर्टरच्या पंख्याखाली येऊन बसतं. माझं काम याच बॅटऱ्यांचं. परवा एक काका आले, घामाघूम, म्हणे "भाऊ, मी स्वतः मीटर लावून पाहिलं ना, बरोब्बर बारा व्होल्ट दाखवते, म्हणजे बॅटरी फुल आहे, मग पंखा अर्ध्या तासात कसा काय बसला?"

काकांचं मीटर खोटं नव्हतं. पण मीटरनं व्होल्टेज सांगितलं आणि काकांनी ते चार्ज समजून घेतलं.

बॅटरीवर 150 एएच, म्हणजे अँपिअर-अवर, लिहिलेलं असतं ना, तो चार्जचा हिशोब. 150 अँपिअर तासभर वाहिले तर 5,40,000 कूलॉम, कूलॉम हे चार्ज मोजायचं माप. एका कूलॉममध्ये इलेक्ट्रॉन किती, तर 62 लिहून पुढे 17 शून्यं द्या, साधारण तेवढे! आणि 12 व्होल्ट म्हणजे काय, तर त्यातल्या प्रत्येक कूलॉममागे 12 ज्यूल ऊर्जा मिळते. नुसता एक भाव आहे तो, माल किती शिल्लक आहे ते त्यात कुठंच नाही. आणि हा भाव नेहमी दोन टोकांमधला असतो बरं का, म्हणून तर मीटरला लाल अन् काळी अशा दोन वायरी.

आता गंमत बघा. बाराची म्हणतो ती लेडची, म्हणजे शिशाची, बॅटरी पूर्ण भरलेली असली की 12.6, 12.7 दाखवते आणि बरीचशी रिकामी झाली तरी बाराच्या आसपासच राहते. सगळा खेळ पॉइंटच्या पुढच्या आकड्यात. काकांच्या बॅटरीत पाव माल उरला असेल नसेल.

याच्या उलटं आपण थंडीत बघतो. नागपूरची कोरडी हवा, रात्री अंधारात सिंथेटिक ब्लँकेट ओढलं की चटचट ठिणग्या उडतात. तिथं व्होल्टेज हजारोंच्या घरात असतं, पण चार्ज कूलॉमच्या दहा लाखाव्या भागाहून कमी, म्हणून चटका बसतो आणि विषय संपतो.

मग बारा व्होल्टला कोणी घाबरायचंच नाही का? मी शिकाऊ होतो तेव्हा माझ्या हातून पाना निसटला आणि दोन्ही टर्मिनलवर आडवा पडला. फाट्कन आवाज, निळसर उजेड, आणि पान्याच्या कडेला नखाएवढी खाच, लोखंड वितळून गेलेलं. कोरड्या हाताला त्या टर्मिनलचा शॉकसुद्धा लागत नाही, पण लोखंडाची वाट मिळाली की सेकंदाला शेकडो कूलॉम धावतात. म्हणून बॅटरीला हात लावण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ सगळं काढून ठेवा, हे मी हात जोडून सांगतो.

आणि एक, चार्जिंग म्हणजे बॅटरीत बाहेरून चार्ज ओतणं नाही. जितके इलेक्ट्रॉन एका टोकातून आत जातात तितकेच दुसऱ्यातून बाहेर येतात, आत बदलते ती प्लेटांवरची केमिस्ट्री.

काकांना मी म्हटलं, चार्जिंग बंद करून बॅटरी दोन-तीन तास तशीच राहू द्या, मग मीटर लावा, आणि नंतर पंखा चालू ठेवून पुन्हा लावा. पंखा लावल्यावर आकडा धपकन खाली आला तर बॅटरी घेऊन या, आपण बघू.