दुखणं दाबून खेळताना

श्रोतेहो, नमस्कार.

एखादा खेळाडू उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत सापडला की दोन दिवस त्याची छी-थू होते. पदक गेलं, बंदी आली, विक्रम पुसला गेला, की विषय संपला. फसवणूक वाईटच, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या औषधाने त्याच्या शरीराचं काय केलं, हे फारसं कुणी विचारत नाही. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे. माझ्या मते डोपिंग हा आधी दुखापतींचा विषय आहे, नियमांचा त्यानंतर. दुखणं लपवून खेळायची सवय ज्याला लागली, त्याला पुढची गोळी किंवा सुई घ्यायला फारसा आग्रह करावा लागत नाही.

१३ जुलै १९६७. टूर द फ्रान्स ही सायकलशर्यत मोंत व्हाँतू नावाचा डोंगर चढत होती. माथ्याकडचा भाग सगळा उघडाबोडका, पांढऱ्या दगडांचा, आणि ऊन तर मी म्हणत होतं. ब्रिटनचा टॉम सिम्पसन, १९६५ सालचा जगज्जेता, काही दिवसांपासून पोटाने बेजार होता. तरी तो शर्यतीत टिकून होता. माथा दीड-दोन किलोमीटरवर राहिला असताना त्याची सायकल या कडेपासून त्या कडेपर्यंत झोकांड्या खाऊ लागली आणि तो पडला. त्याला उचलून पुन्हा सायकलवर बसवण्यात आलं. थोडं अंतर गेला आणि कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. वय २९. जर्सीच्या खिशात गोळ्यांच्या तीन नळ्या सापडल्या, त्यातल्या दोन रिकाम्या. शवविच्छेदनात ॲम्फेटामाइन हे उत्तेजक औषध आणि मद्य आढळलं.

दमल्यावर पाय उचलवत नाहीत, जीव नको नको होतो. शरीर तापलंय, पाणी कमी झालंय, आता थांब, असं मेंदू सांगत असतो. ॲम्फेटामाइन घेतलेल्या माणसाला हे ऐकूच येत नाही. शिवाय त्वचेकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. ऊन, बिघडलेलं पोट, मद्य आणि गोळ्या, यांतल्या कशाने किती घात केला, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. पण आजारी माणसाला वेळेवर थांबवू शकली असती ती जाणीवच त्या गोळ्यांनी बोथट केली होती. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा वैद्यकीय आयोग नेमला गेला आणि १९६८ च्या ऑलिंपिकपासून चाचण्या सुरू झाल्या.

आता स्टेरॉइड. जिममधली मुलं ज्याला नुसतं 'सायकल' म्हणतात, म्हणजे काही आठवडे औषध घ्यायचं, मग थांबायचं, मग पुन्हा घ्यायचं, ते हेच. ही टेस्टोस्टेरॉनच्या, म्हणजे पुरुषी हार्मोनच्या, वळणाची औषधं आहेत, आणि उपचारासाठी डॉक्टर जेवढी देतात त्याच्या दहापट, कधी कधी शंभरपटही घेतली जातात. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे तो काही आठवड्यांतच भरतो. पण स्नायूला हाडाशी जखडून ठेवणारा जो चिवट पट्टा असतो, टेंडन, त्याला रक्त कमी मिळतं. त्याला बळकट व्हायला कित्येक महिने लागतात, आणि स्टेरॉइडमुळे तो कडक होऊन कमी ताणला जातो. बेंचवर आडवा झालेला एखादा तरुण डोळ्यांपुढे आणा. गेल्या महिन्यात न झेपणारं वजन आज झेपतंय. बार छातीपर्यंत खाली येतो, तो वर ढकलायला जातो, आणि काखेजवळ 'टक्' असा आवाज होतो. बार अंगावर येतो. थोड्या वेळाने दंड काळानिळा पडतो, छातीचा स्नायू एका बाजूला गोळा झालेला दिसतो. टेंडन हाडापासून सुटलेला असतो. मग ऑपरेशन, आणि पुढचे कित्येक महिने हात जपायचा.

ही दुखापत निदान दिसते तरी. हृदयाची भिंत जाड होते, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, गोळ्यांमुळे यकृतावर ताण येतो, हे मात्र आरशात दिसत नाही. आरशात फक्त दंड दिसतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन येऊ लागलं की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो. वृषणं लहान होतात, शुक्राणू घटतात. औषध बंद केल्यावर शरीराचं स्वतःचं उत्पादन सुरू व्हायला महिने लागू शकतात. त्या काळात अंगात त्राण नसतं, कामेच्छा जाते, मन खिन्न होतं, कमावलेलं शरीर डोळ्यांदेखत उतरू लागतं. मग तो मुलगा पुढची सायकल सुरू करतो. त्याला कुणी हावरट म्हटलं की मला राग येतो. अनेकदा तो त्या खिन्नतेतून सुटायलाच धडपडत असतो. आणि वय कमी असेल तर हाडांची वाढ वेळेआधी थांबून उंची कायमची खुंटू शकते.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, आणि तो करणारी माणसं शहाणी असतात. ते म्हणतात, बंदी उठवा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेऊ द्या, म्हणजे धोका राहणार नाही. हा प्रयोग होऊन गेला आहे. पूर्व जर्मनीत १९७४ पासून सरकारी योजना होती, '१४.२५' या क्रमांकाची. डॉक्टर होते, प्रयोगशाळा होती, कुणाला किती मिलिग्रॅम दिले याच्या काटेकोर नोंदी होत्या. ओरल-टुरिनाबोल या स्टेरॉइडच्या निळ्या गोळ्या मुलींना जीवनसत्त्वं म्हणून दिल्या जात. आंद्रेआस क्रीगर तेव्हा हायडी या नावाने महिला गटात गोळाफेक करायचे. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा वय होतं १६. १९८६ मध्ये युरोपीय स्पर्धेचं सुवर्णपदक मिळालं, आणि त्या एका वर्षात सुमारे २,६०० मिलिग्रॅम स्टेरॉइड शरीरात गेलं. औषधाच्या जोरावर उचललेल्या वजनांनी कमरेच्या सांध्यांना आणि मांड्यांना असह्य वेदना जडल्या. पुढे क्रीगर यांनी पुरुष म्हणून जगण्याचा निर्णय घेतला. तो निर्णय आपला आपण घेण्याची संधीच त्या गोळ्यांनी हिरावली, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. देखरेख होती, पण ती पदकांची होती. जर्मनी एक झाल्यावर त्या नोंदी बाहेर आल्या आणि २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने तिथले क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड यांना दोषी ठरवलं. शिक्षा स्थगित झाली, ही बोच राहतेच. पण गुन्हा कोणता होता पाहा: खेळाडूंच्या शरीराला इजा पोहोचवण्यात साहाय्य. न्यायालयाने ती शरीरं पाहिली, याचं मला फार मोल वाटतं.

कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन याची १९८८ ची सोल ऑलिंपिकमधली शंभर मीटरची शर्यत सगळ्यांना आठवते. ९.७९ सेकंद, मग चाचणीत स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड सापडलं, सुवर्ण परत गेलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच्या मांडीमागचा स्नायू, ज्याला खेळाडू हॅमस्ट्रिंग म्हणतात, दुखावला होता आणि मे महिन्यात तेच दुखणं पुन्हा उलटलं होतं, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात नाही. पुढच्या वर्षी कॅनडातल्या चौकशीत उघड झालं की तो १९८१ पासूनच स्टेरॉइड घेत होता, त्यामुळे दुखापतीला कारण ठरवता येणार नाही. पण स्पर्धा तोंडावर आलेली, पाय साथ देत नाही, आणि भोवतीचे सगळे घड्याळाकडे बघताहेत, या अवस्थेत खेळाडू सगळ्यात दुबळा असतो. डोपिंगविरुद्धची भाषणं त्याला इतर वेळी ऐकवली जातात. या वेळी त्याच्याजवळ बसणारं कुणी हवं असतं.

आणि इथेच नियमांच्या आतल्या औषधांबद्दलही बोलायला हवं. दुखरा सांधा बधिर करणारं इंजेक्शन घेऊन मैदानात उतरणं डोपिंगच्या जागतिक यादीनुसार निषिद्ध नाही. साध्या वेदनाशामक गोळ्याही नाहीत. कॉर्टिसोनच्या जातीच्या इंजेक्शनांवर स्पर्धेच्या काळापुरती सरसकट बंदी आली ती २०२२ पासून, ट्रॅमाडॉल या तीव्र वेदनाशामकावर २०२४ पासून. म्हणजे परवापरवापर्यंत हे सगळं राजरोस चालायचं. घोटा बधिर झाला म्हणून बरा होत नाही. खेळाडू त्यावर पूर्ण भार टाकतो आणि थोडी फाटलेली लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारी पट्टी, पुरती फाटते. लांब पल्ल्याचे धावपटू शर्यतीआधी आयब्युप्रोफेन घेतात. अंगातलं पाणी घटलेलं असताना ही गोळी मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आणखी कमी करते. डोक्याला मार बसल्यावर 'मी ठीक आहे' म्हणून परत आत जाणाऱ्याने तर कुठलंच औषध घेतलेलं नसतं. पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. यातलं बरंच डोपिंगच्या नियमात बसतं, म्हणून आपण त्याला जिद्द म्हणतो, टाळ्या वाजवतो. मला ते पाहवत नाही.

प्रशिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला 'नाटकं करू नकोस' म्हणू नका. तो पुढच्या वेळी सांगणार नाही, दुसरा कुठला तरी मार्ग शोधेल. दुखापतीनंतर पुन्हा कधी खेळायचं हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टला ठरवू द्या, आणि त्यांना स्पर्धेची तारीख सांगून घाई करू नका. स्पर्धेत उतरणारा खेळाडू कुठल्याही डॉक्टरकडे गेला तर आपण खेळाडू आहोत हे त्याने आधी सांगावं. खरोखर गरजेचं औषध निषिद्ध यादीत असेल तर उपचारासाठी सूट मिळवण्याची रीतसर सोय आहे.

आणि ऐकणाऱ्यांत कुणी आत्ता अशी सायकल करत असेल, तर त्याच्यासाठी. औषधाची बाटली किंवा पाकीट बरोबर घेऊन हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरकडे जा. काय घेतलं, किती, केव्हापासून, सगळं खरं सांगा. रक्तदाब, यकृत, कोलेस्टेरॉल, हृदय यांची तपासणी करून घ्या. औषध सुटल्यावर मन फार खाली गेलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर तेही त्याच दिवशी सांगा, घरच्यांनाही आणि डॉक्टरांनाही. त्यावर उपचार आहेत.

नमस्कार.