पेशीतला गुंता

२६ नोव्हेंबर १९०१. फ्रँकफर्टचं मनोरुग्णालय. ५१ वर्षांच्या ऑगस्टे डेटर जेवायला बसल्या आहेत. ताटात डुकराचं मांस आणि फ्लॉवर. डॉक्टर आलोइस अल्झायमर विचारतात, काय खाताय? त्या म्हणतात, ‘पालक.’ नवऱ्याचं नाव विचारलं, तर स्वतःचंच नाव सांगतात.

१९०६ साली त्या गेल्या. साठीही गाठली नव्हती. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत आपण ज्या विसरण्याकडे काणाडोळा करतो, तो आजार असू शकतो, म्हातारपण नव्हे. पुढे या आजाराला त्याच डॉक्टरांचं नाव मिळालं: अल्झायमर.

डॉ. अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. ऑगस्टेंचा मेंदू त्यांनी तिथं मागवून घेतला. चांदीच्या क्षारानं रंगवलेले पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले. मज्जापेशींच्या आत जाड तंतूंचे गुंते दिसत होते. काही ठिकाणी तर पेशी केव्हाच विरून गेली होती, गुंता तेवढा मागे राहिला होता.

हे तंतू टाऊ नावाच्या प्रथिनाचे, हे कळायला १९८०चं दशक उजाडलं. टाऊ मुळात शत्रू नाही. १९७५मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांना ते सापडलं, तेच मुळी पेशीच्या उपयोगाचं प्रथिन म्हणून. मज्जापेशीच्या लांबलचक शाखेत सूक्ष्मनलिका असतात. त्यांच्या आधारानं पेशीतला माल इकडून तिकडे जातो, आणि टाऊ त्या नलिकांना सावरून धरतं. आजारात टाऊवर गरजेपेक्षा जास्त फॉस्फेट चिकटतात. मग नलिकेवरची त्याची पकड सुटते आणि सुटलेलं टाऊ एकमेकांतच गुंतत जातं.

१९९१मध्ये हाइको आणि एव्हा ब्राक या जर्मन दांपत्यानं या गुंत्यांची वाट नकाशासारखी मांडली. सुरुवात मेंदूतल्या स्मृतीच्या उंबरठ्यावर, एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स या भागात. मग आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस. मग विचार आणि भाषा सांभाळणारे भाग. आजाराची दुसरी खूण म्हणजे पेशींबाहेर साचणारं अमायलॉइड हे प्रथिन. पण रुग्ण काय काय विसरत चाललाय, याच्याशी टाऊचा पसारा जास्त जुळतो. म्हणूनच टाऊकडे इतकी वर्षं कमी लक्ष गेलं, याची खंत वाटते.

आता चित्र बदलतंय. फॉस्फेट चिकटलेल्या टाऊचा एक प्रकार, पी-टाऊ २१७, रक्तात मोजता येतो. त्यावर आधारलेल्या एका रक्तचाचणीला अमेरिकेत २०२५मध्ये परवानगी मिळाली. आजाराचा वेग थोडा कमी करणारी जी नवी औषधं आली आहेत, ती मात्र अमायलॉइडवरची. टाऊला पकडण्यासाठी औषध म्हणून बनवलेल्या काही प्रतिपिंडांच्या चाचण्या फसल्या. आता टाऊ तयार होण्याआधीच त्याच्या जनुकाचा संदेश अडवता येतो का, हे रुग्णांवर तपासलं जातंय.