हप्ते भरूनही कर्ज का वाढतं? अमेरिकेतलं विद्यार्थी कर्ज आणि माफीचा वाद

नमस्कार. आधी एक हिशेब बघा.

[स्क्रीनवर: कर्ज ३०,००० डॉलर, व्याज ६ टक्के]

पाच वर्षं एकही हप्ता चुकला नाही. एकूण ५,४०० डॉलर भरले. बाकी किती? ३३,६००.

आकडेमोड बरोबर आहे. ३०,००० वर ६ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं १५० डॉलर. दहा वर्षांच्या नेहमीच्या योजनेत हप्ता ३३३ च्या आसपास बसतो, म्हणून व्याज जाऊन मुद्दलही कमी होतं. पगार तुटपुंजा असेल तर उत्पन्नानुसार हप्ता लावून घेता येतो. तो समजा ९० डॉलर बसला. म्हणजे दर महिन्याला ६० डॉलरचं व्याज फिटतच नाही. ६० महिन्यांत ३,६००. आयबीआर नावाच्या योजनेत हे व्याज बाजूला साचतं, आणि योजना सोडली की मुद्दलात जाऊन बसतं. मग व्याजावर व्याज.

सरकारचं असं कर्ज अमेरिकेत साधारण ४.३ कोटी लोकांवर आहे. रक्कम १.६ लाख कोटी डॉलरच्या घरात. (विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना हे कर्ज मिळत नाही. त्यांचं कर्ज खासगी, आणि आज जे सांगतोय त्यातलं जवळजवळ काहीच त्यांना लागू नाही.)

आता माफी. ऑगस्ट २०२२ मध्ये बायडन सरकारने जाहीर केलं: १०,००० डॉलर माफ, आणि शिकताना गरिबांसाठीचं पेल अनुदान मिळालं असेल तर २०,०००. अट अशी की एकट्याचं उत्पन्न १,२५,००० च्या आत हवं. खर्चाचा अंदाज ४०,००० कोटी डॉलर. आधार घेतला २००३ च्या हीरोज कायद्याचा, जो आणीबाणीत कर्जाच्या अटी बदलायची मुभा देतो.

३० जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी योजना रद्द केली. अटी बदलणं वेगळं आणि एवढं कर्ज पुसून टाकणं वेगळं, असं बहुमताचं म्हणणं. गंमत म्हणजे खटला उभा राहिला तो कर्जवसुलीच्या कमिशनवर. मिझुरी राज्याची मोहेला ही संस्था हप्ते गोळा करते, माफी झाली तर तिचं वर्षाला ४.४ कोटी डॉलरचं उत्पन्न बुडेल, म्हणून राज्याचं नुकसान. मोहेला स्वतः मात्र कोर्टात गेलीच नव्हती.

विरोधकांचा मुद्दा सरळ आहे: ज्यांनी पोटाला चिमटा काढून फेडलं, किंवा जे कॉलेजात गेलेच नाहीत, त्यांनी दुसऱ्याचं का भरायचं? तो उडवून लावण्यासारखा नाही. पण दोन्ही बाजूंच्या भांडणात एक गोष्ट राहून जाते. एकदा पाटी पुसली तरी पुढच्या वर्षीचा विद्यार्थी त्याच व्याजाने, त्याच नियमांनी कर्ज घेणार.

आणि माफी कायद्यात आधीपासून आहेच. २००७ चा पीएसएलएफ, म्हणजे सार्वजनिक सेवेतल्यांसाठीची माफी. सरकारी किंवा करमुक्त ना-नफा संस्थेत पूर्णवेळ नोकरी आणि १२० पात्र हप्ते, की उरलेलं कर्ज माफ. हप्ते सलग असायला लागत नाहीत. हुद्दा कोणता हे कोणी विचारत नाही, पगार कोण देतं ते बघतात. सरकारी हॉस्पिटलातला सफाई कामगार पात्र, नफ्यासाठी चालणाऱ्या हॉस्पिटलातला डॉक्टर अपात्र.

तरीही सुरुवातीच्या काळात सुमारे ९९ टक्के अर्ज फेटाळले गेले. का? कुणाचं कर्ज जुन्या एफएफईएल प्रकारचं, म्हणजे बँकेने दिलेलं आणि सरकारने हमी घेतलेलं. चालतं फक्त थेट सरकारचं ‘डायरेक्ट लोन’. कुणाची हप्त्याची योजनाच चुकीची. कुणाचे १२० भरलेच नव्हते. दहा वर्षांनी हे कळणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

म्हणून क्रम असा ठेवा. स्टुडंटएड डॉट जीओव्हीवर आधी कर्जाचा प्रकार तपासा. नावात ‘डायरेक्ट’ नसेल तर एकत्रीकरण करून घ्या, म्हणजे जुनं कर्ज नव्या डायरेक्ट लोनमध्ये बदलून घ्या. मग उत्पन्नानुसार हप्त्याची योजना. मालकाकडून नोकरीचा दाखला दरवर्षी सही करून घ्या, आणि नोकरी सोडताना हमखास. हप्त्यांची मोजणी डाउनलोड करून ठेवा, कारण वसुली करणारी कंपनी बदलली की नोंदी गळतात.

अडचणीत फोन केला की फॉरबेअरन्स सुचवतात, म्हणजे काही महिने हप्ता बंद. व्याज मात्र चालूच, आणि ते महिने १२० मध्ये सहसा धरत नाहीत. उत्पन्न घटलं असेल तर हप्ता नव्याने काढून मागा. तो शून्यही येऊ शकतो, आणि आयबीआरमधला शून्याचा हप्ता मोजला जातो.

बायडन सरकारने पुढे जुन्या कार्यक्रमांतल्या याच चुका निस्तरून ५० लाखांहून जास्त लोकांचं १८,००० कोटी डॉलरपेक्षा अधिक कर्ज माफ केलं. घोषणेने जे जमलं नाही, त्यातलं बरंच कागदपत्रांनी जमलं.

दिवाळखोरीचा रस्ता? १९७६ पर्यंत हे कर्ज इतर कर्जांसारखंच सुटायचं. मग पाच वर्षं थांबायची अट आली, पुढे सात, आणि १९९८ मध्ये सरकारी कर्जासाठी ती वाटही बंद झाली. आता ‘अवाजवी हालअपेष्टा’ कोर्टात सिद्ध कराव्या लागतात.

शेवटी २०२५ चा नवा कायदा. १ जुलै २०२६ पासून आरएपी ही उत्पन्नानुसार हप्त्याची नवी योजना. सुरुवातीचा हिशेब हिच्यात घालू.

[स्क्रीनवर: उत्पन्न ३६,००० × ३ टक्के ÷ १२ = ९० डॉलर]

हप्ता तोच ९०. पण न फिटलेलं ६० डॉलर व्याज सोडून दिलं जातं, आणि वर सरकार मुद्दलातून ५० डॉलर कमी करतं. पाच वर्षांनी बाकी २७,०००. मात्र हप्ता वेळेवर पडला पाहिजे. उशीर झाला की त्या महिन्याची सवलत गेली. आणि उरलेलं माफ व्हायला ३० वर्षं लागतात, जुन्या योजनांत २० किंवा २५ होती.

टप्प्यांवरही नजर ठेवा. वजावटी जाऊन वार्षिक उत्पन्न ४०,००० असेल तर ३ टक्क्यांनी हप्ता १०० डॉलर. ४०,००१ झालं की सगळ्या उत्पन्नावर ४ टक्के, म्हणजे हप्ता १३३. वरच्या एका डॉलरपायी वर्षाला ४०० डॉलर जास्त. काठावर असाल तर वर्ष संपायच्या आत निवृत्ती खात्यात, म्हणजे नेहमीच्या ४०१(के) मध्ये, थोडे जास्त टाका. ती रक्कम या उत्पन्नातून वजा होते.